सरणातून उरलेल्या बाभळीची बाकडी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाकडं येतं, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला सुरुवात करता येईना.

कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला, आमच्या गावच्या फाट्यावर आमचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक शेगडी. पुढचं सगळं मालक, म्हणजे माझा नवरा, बघायचे. मी मागच्या बाजूला भजी तळायची, गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मालक छातीत दुखून गेले.

सरणासाठी बांधावरची बाभूळ तोडली. तिचा शेंडा वाळलेला होता, बुंधा हिरवा होता. फांद्याच सरणाला पुरल्या. बुंधा कुणाला फुटेना, म्हणून तो बांधावरच पडून राहिला. मी रडले नाही. बायका म्हणत होत्या, हिला कुणीतरी रडवा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

महिन्याभरानं हॉटेल उघडलं. प्लास्टिकच्या खुर्च्या उन्हानं तडकल्या होत्या. एक जण खुर्चीसकट खाली बसला, मग मी त्या काढूनच टाकल्या. लोक उभ्यानं चहा घेऊन जायला लागले. मालक म्हणायचे, बसलेलं गिऱ्हाईक दुसरा चहा मागतं, उभं राहिलेलं चाललं जातं. तसंच झालं. हॉटेल चाललं नाही तर मला दुसऱ्याच्या रानात रोजानं जावं लागणार होतं.

सुतारमामांना विचारलं, उन्हापावसात टिकणारी दोन बाकडी करायची तर कोणतं लाकूड घ्यावं.

"सागवान तुला झेपायचं न्हाई," मामा म्हणाले. "कडूलिंबाला वाळवी लागत न्हाई, पण ते उन्हात चिरतं. बाभूळ चांगली. पण तीन-चार महिने पाण्यात मुरवावी लागती, न्हाईतर भुंगा पोखरतो."

"बाभूळ आहे," मी म्हणाले. "बांधावर पडलीय."

मामांनी हातातलं काम थांबवलं. आमच्याकडं सरणासाठी तोडलेलं लाकूड परत घरी आणत नाहीत.

"घरात नाही आणायची, मामा. फाट्यावर ठेवायची."

"बघ बाई. मी करून देतो. बसणार कोण, ते मला इचारू नको."

ट्रॅक्टरचं भाडं, आरा मशीनचा खर्च, मामांची मजुरी, एवढे पैसे माझ्याकडं नव्हते. मोठ्या नणंदेकडं, आक्काकडं गेले. लाकूड कोणतं तेही सांगितलं. तिनं आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, "त्या बाभळीखाली मी अन् त्यानं शेळ्या राखल्या." दुसऱ्या बाजाराला तिनं आपल्या दोन शेळ्या विकल्या आणि पैसे आणून दिले. त्या शेळ्यांशिवाय तिच्या हातात स्वतःचा पैसा येत नव्हता, हे मला माहीत होतं.

बुंधा मोडक्या विहिरीत धोंडे बांधून बुडवला. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरला दोर लावून वर काढला. काळा पडला होता, वास मारत होता. कापून फळ्या सावलीत रचल्या, मधेमधे काड्या ठेवल्या म्हणजे वारं खेळतं. संक्रांतीच्या सुमाराला बाकडी तयार झाली. जाड, जड, दोघांनी उचलावी अशी.

कुणीही बसलं नाही. लोक बाकड्याच्या शेजारी उभे राहून चहा पीत.

"काय ताई, चहासंगं सुतकबी देऊन राह्यल्या का?" एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

"बसू नको रे, उठवायला चार माणसं लागतील," दुसरा म्हणाला.

मी खाली मान घालून कप धुतले. आक्काच्या शेळ्या गेल्या, एवढंच डोक्यात होतं.

आठ-दहा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, आक्का एसटीतून उतरली. फाट्यावर गर्दी होती. ती सरळ आली आणि बाकड्याच्या मधोमध बसली. मांडी घालून, घरात बसावी तशी.

"चहा टाक. भजी दे. मिरची तळ." मग उभ्या असलेल्या माणसांकडं बघून म्हणाली, "भाऊ माझा गेल्ता. इटाळ धरायचा तर मी धरीन. तुम्ही कोण त्याचे? पाय दुखत न्हाईत का तुमचे?"

एक म्हातारे बाबा आधी हसले, मग बसले. म्हणाले, "सरक जरा माय." त्यानंतर बाकडं रिकामं राहिलं नाही.

पुढं माझीच एक चूक झाली. मामांनी तेल लावायला सांगितलं होतं, कोणतं ते मी लाजून विचारलं नाही. भज्यांचं उरलेलं तेल वाया कशाला घालवावं म्हणून तेच बाकड्यांना चोळलं. मुंग्या झाल्या, धूळ चिकटली, आणि पांढरी पँट घातलेले एक मास्तर उठले ते मागं बघतच.

"ताई, भजी मी मागितली होती, पँट कशाला तळली?"

सगळे हसले. मीही हसले असेन.

मामांनी सांगितलं, खाण्याचं तेल लाकडावर सुकत नाही, जवसाचं सुकतं. बाकडी सोड्यानं धुतली, पॉलिश कागदानं घासली, जवसाचं तेल फडक्यानं पातळ लावलं आणि तीन दिवस कुणाला बसू दिलं नाही. आता दरवर्षी दोनदा लावते, पावसाळ्याआधी आणि दसऱ्यानंतर. पायांखाली चपटे दगड ठेवलेत, म्हणजे ओल चढत नाही. मोठा पाऊस असला की बाकडी पत्र्याखाली ओढते.

तेल लावताना हात गाठीवरून, चिरेवरून फिरतो. ह्याच्या फांद्या कुठं गेल्या ते मला माहीत आहे. रडू येईल असं पहिल्या वर्षी वाटलं होतं. येत नाही. एक बाकडं पुरं होतं, मग दुसरं घेते.

आक्का दर दोन-तीन महिन्यांनी यायची. जमले तेवढे पैसे मी तिच्या हातात ठेवायची. मागच्या बाजाराला शेवटचे दिले.

"फिटले का गं सगळे?" तिनं विचारलं.

"फिटले, आक्का."

तिनं मोजले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली, बाकड्यावर बसून चहा संपवला आणि एसटीत बसून गेली.