पोस्टरवर अब्बांचं नाव

नसीम,

मी बेंगळुरूला निघाले तेव्हा तू नववीत होतीस. सोलापूर स्टेशनवर भर दुपारी अब्बा माझी गिटार कवटाळून उभे होते आणि सारखे इकडेतिकडे बघत होते, ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून. घरात दखनी बोलणारे अब्बा गंभीर झाले की मराठीत शिरायचे. म्हणाले, "वाजव की, लई वाजव. पण आपलं नाव लावू नको कुटं. नसीमचं लगीन व्हायचंय अजून." मी मान डोलावली.

अब्बांची बेंजो पार्टी. अर्धं सोलापूर वरातीत तिच्यावर नाचलेलं. मुलींनी वरातीत वाजवायचं नाही, म्हणून मी शुक्रवार पेठेतल्या घरातच शिकले, आधी बेंजो, मग गिटार. त्यांची शिकवण एकच, पाय चालत राहिले तरी हात थांबता कामा नये. मला घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लावून त्यांनी वाजवून घेतलं. ते अंगात इतकं मुरलं, की बेंगळुरूच्या पहिल्याच शोमध्ये सोलो वाजवताना मी स्टेजवर सरळ पुढं चालत सुटले. केबल उपटली गेली, अॅम्प्लिफायर गप्प. ड्रमर बघतच राहिला. लोक हसले आणि मला वाटलं, यांच्यात सोलापूरचं कुणीतरी असणार, आता घरी फोन जाणार.

ती भीती कधी गेलीच नाही. इतकी वर्षं पोस्टरवर मी फक्त 'रू'. मुलाखतीत गाव विचारलं की 'महाराष्ट्र' म्हणून मोकळी. आमच्या भागातली रॉक बँड चालवणारी पहिली बाई, असं कुठं छापून आलं की आधी त्यात गावाचं नाव तर नाही ना ते बघते, अभिमान मागून. पुढच्या रांगेत आपल्या चाचांसारखी दाढी दिसली तरी माझी कॉर्ड चुकते.

आता जुळे सोलापुरात तुझा संसार चाललाय. तुझ्या सासरी मी 'बेंगळुरूला कंपनीत' आहे, हेही मला ठाऊक आहे. आणि नेमका सोलापुरातच शो ठरला. आयोजकांनी विचारलं, नाव काय छापायचं? मी पूर्ण नाव दिलं, अब्बांच्या नावासकट. तुला न विचारता. खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच मिनिटाला मागं घ्यावंसं वाटलं होतं. पण पोस्टर छापून झालंय.

अब्बांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "नसीमला तिच्या सासरची कायबाय बोलली तर?" अम्मीनं फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "दोपहर कू घर आ बेटा. तब गल्ली सोती."

परक्या माणसांची भीती मला कधी वाटली नाही. ज्यांच्या नुसत्या बघण्यानं अजून माझा हात थांबतो, ती माणसं राहतात ते माझं घर, एवढंच मला कळलंय.

अम्मीला सांगितलंय, संध्याकाळी येते, सगळे दारात बसलेले असतात तेव्हा. गिटार खांद्यावर घेऊनच येईन. पण नसीम, लई भीती वाटतेय गं. तू गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहशील का?