फुटकं कवेलू जिथल्या तिथं

"साहेब, कवेलू फेरनं म्हंजे मोडतोड होते काय?" मी शिडीवरूनच ओरडलो.

खाली जतन खात्याचे साहेब उभे होते, पुण्याकडचे. "आधी खाली उतरा. ही संरक्षित वास्तू आहे. इथे काहीही बदलायचं नाही."

कारखान्यासाठी आजूबाजूची वस्ती उठली. रुआबांध्याकडचं बाबूराव पाटलांचं हे घर तेवढं वाचलं. सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर, मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. खात्यानं जुनं घर म्हणून संरक्षण दिलं, तेव्हा बाबूरावांनी पेढे वाटले होते.

अशा घराचं कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर दर उन्हाळ्यात फेरावं लागतं. सगळी कवेलू उतरवायची, माकडांनी फोडलेली फेकायची, नवी घालून पुन्हा रचायची. एक फट राहिली की पाणी थेट मयालीवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या मुख्य तुळईवर. ती सडली की संपलं.

मी हमाली करत ठेकेदार झालो. घासाघीस केल्याशिवाय मी कुठून हलत नाही.

"बरं, मांगचा उतार राहू द्या. समोरचा फेरतो."

"नाही."

"मंग मयालीवरच्या दोन ओळी?"

बाबूरावांनी हात जोडले. "साहेब, मयाल गेली का घर गेलं. आमाले दुसरं घर नाही."

साहेबांनी शेवटी तेवढ्या दोन ओळींची परवानगी दिली. अट एकच, प्रत्येक कवेलू जिथलं तिथं.

"अन् फुटकं?"

"तेही."

"म्हंजे भोक बी जिथल्या तिथं ठेवू?"

"भाषा सांभाळा, ठेकेदार."

आधी काढलेले छपराचे फोटो हातात धरून त्यांनी काम तपासलं. मयालीवर मी गुपचूप नवी कवेलू घातली होती, ती काढायला लावली. एक मी त्यांच्या पायाशी आपटलं. बाबूरावांनी माझा हात धरला. "चिडून नको राहू भाऊ. मलेच भोगा लागन."

दुसऱ्या पावसाळ्यात मयाल सडून खाली बसली. बाबूराव बायकापोरं घेऊन साडूच्या ओसरीवर राहायला गेले. खात्यानं कारण दिलं, ठेकेदाराचं निष्काळजी काम. माझी सरकारी कामं बंद झाली. ते एक वेळ सोसलं. पण बाबूरावही लोकांना सांगू लागले, "त्यानं हात लावला अन् घर पडलं."

आता जुन्या घराचं काम आलं की मी आधी विचारतो, फुटकं कवेलू फेकायचं कोणी ठरवायचं? तुम्ही ठरवणार असाल, तर शिडीवरही तुम्हीच चढा.