बाबांच्या नावावरची गाडी
विमा संपत आल्याचा मेसेज आला, की कल्याण कोर्टाचा तो दमट व्हरांडा आठवतो. शीळफाट्याला माझ्या हातून एका रिक्षाला धक्का लागलेला, रिक्षावाल्याचं मनगट मुरगळलेलं, आणि गाडीचा विमा भरायला मीच विसरलेलो. पण गाडी बाबांच्या नावावर, म्हणून त्यांनाही समन्स आलं. कधी पोलीस चौकीची पायरी न चढलेले बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बाकावर बसून होते. दुपारी पुकारा झाला. "विमा नसताना गाडी चालवायला दिलीत, गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "हो साहेब," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लक्ष मीच ठेवायला हवं होतं." दंड भरून बाहेर आल्यावर मी माफी मागणार, तोच ते म्हणाले, "आधी चहा पिऊ रे, दमलो." चहा पिऊन आम्ही घरी आलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच, आणि आता बाबांना नीट ऐकू येत नाही.