हरेश्वरभाऊंचा अर्धा साचा

भायखळ्याचा पूल उतरून आम्ही लालबागच्या रस्त्याला लागलो, तेव्हा हरेश्वरभाऊंनी पुन्हा एकदा खांदा बदलला. ओझं तसं फार मोठं नव्हतं. जाड लाकडाची एक कमान, बाहेरून चौकोनी आणि आतून दोन फुगवट्यांची, मध्ये कंबरेसारखी दबलेली. पण तिला पकडायला नीट जागा नव्हती. कुठूनही धरली तरी एक कोपरा मानेत रुतायचा.

"द्या इकडे, मी धरते एक टोक," मी म्हटलं.

"उपास आहे ना तुमचा? चाला तुम्ही सरोजिनीबाई. तुम्ही पडलात तर दोन ओझी होतील मला."

त्या दिवशी संकष्टी होती आणि हरताळही होता. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. कधी काय बंद होईल याचा नेम नसे. मी आदल्या दिवशी बहिणीच्या बाळाला बघायला गिरगावात गेले होते, तर सकाळी ट्रामही नाही आणि बसही नाही. दुपारी दारात हरेश्वरभाऊ उभे. धोबीतलावला त्यांचं काम होतं आणि त्यांच्या बायकोने, पुतळाबाईने, बजावलं होतं की येताना सरूबायला सोबत घेऊनच या, एकटी चालत यायची ती. आमची ओळख तिच्याचमुळे. पुतळाबाई आमच्या प्रभादेवीच्या घरी रोज मासळी घेऊन येई. आम्ही प्रभू माणसं, मासळीशिवाय आमचं पान हलत नाही. सोमवार आणि संकष्टी सोडली तर तिचा आवाज आमच्या पायरीवर ठरलेला.

हरेश्वरभाऊ मूळचे वरळी कोळीवाड्याचे, पण होडीवर ते फारसे गेले नाहीत. लहानपणी होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली बसले, आणि मोठेपणी परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात लागले. रातपाळी. सकाळी घरी आले की थोडं झोपायचं, आणि उठून आमच्याच गल्लीतल्या त्यांच्या एका खोलीत दुसरं काम सुरू. ते काम म्हणजे गिटारींचे साचे.

गिटारीची बाजूची पट्टी पातळ लाकडाची असते. ती पाण्यात भिजवायची, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवायची आणि साच्यात आवळून सुकू द्यायची. साचा काढला की लाकूड तोच आकार धरून बसतं. त्या साच्याचे दोन अर्धे असतात, डावा आणि उजवा, मध्ये बोल्टांनी जोडलेले. हे सगळं मी त्यांच्या खोलीच्या दारातून पाहिलेलं. नळी तापवायला शेगडी एकच, पुतळाबाईच्या स्वयंपाकाची. ती मला म्हणायची, "काय सांगू बाय, दुसऱ्यांच्या घरात सुरमई शिजते, आमच्या घरात लाकूड शिजतंय. मीठमसाला घातला तं खाता पन येईल."

धोबीतलावला पेरेरा नावाच्या माणसाचं वाद्यांचं दुकान होतं. भाऊंचे साचे तिथे जात, त्या साच्यांवर दुसरे कारागीर गिटारी बनवत. पण गेल्या दिवाळीत पेरेरा म्हणाला होता, मोठ्या अंगाच्या गिटारीचा नवा साचा तू तुझ्या मनाने कर. जमला तर त्या गिटारींची सगळी अंगं बनवायचं काम तुझ्याकडेच देतो, घरी बसून कर. होळीपर्यंत घेऊन ये.

घरी बसून. म्हणजे रातपाळी सुटणार. भाऊंचा खोकला आमच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचा, त्यामुळे या गोष्टीचं मोल आम्हा शेजाऱ्यांनाही कळत होतं. मीही देवळात गेले की त्यांच्यासाठी एक नमस्कार जास्तीचा घालत असे.

लालबागच्या नाक्यावर पोलीस उभे होते. एकाने काठी आडवी धरली.

"ए, खांद्यावर काय आहे?"

"साचा आहे साहेब. गिटारीचा."

"गिटार? आज? मोर्चात वाजवायला नेतोस काय?"

"हा वाजत नाही साहेब. ह्यात गिटार बनते."

दुसरा पोलीस पुढे आला. तो तिथल्याच बाजूचा असावा. त्याने लाकडावर आतून बोट फिरवलं. "अरे, गणपतीचा असतो ना साचा, तसलं असणार. पण मग ह्याचा दुसरा अर्धा कुठाय?"

भाऊंनी साचा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मुका आहेस काय? दुसरा अर्धा कुठाय विचारलं."

"नाही तो," भाऊ म्हणाले.

"मग ह्या अर्ध्याची काय आरती करणार? जा, जा. बाई, तुम्ही ह्यांच्याबरोबर आहात? बाजूने चाला, मधून नको."

आम्ही बाजूने चाललो. गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर नव्हता, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. एका जिन्याच्या पायरीवर भाऊ टेकले, मी शेजारी उभी राहिले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी न मागता पाण्याचा तांब्या खाली आणून दिला. ते प्याले, मी हातावर घेऊन डोळ्यांना लावलं.

"भाऊ, पेरेरा काय म्हणाला?" मी विचारलं. गिरगावापासून हा प्रश्न माझ्या तोंडात होता, पण त्यांचा चेहरा पाहून मी तो मागे टाकत होते.

"दुकान बंद होतं. मागच्या दाराने गेलो. म्हणाला, दुसरा अर्धा? मी म्हटलं, पाडव्यापर्यंत थांबा, करून देतो. तर म्हणाला, काल एकाचा पुरा साचा आला, तो घेतला मी. होळीपर्यंतचं ठरलं होतं, होळी झाली."

"पण तुम्ही तर दोन्ही केले होते. मी पाहिले होते भिंतीला टेकवलेले."

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला.

"पुतळीने तुम्हाला सांगितलं नाही, होळीला काय दिलं ते?"

तिने सांगितलं होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी पायरीवर टोपली उतरवून, कौतुकाने. कोळीवाड्याच्या होळीला घरटी लाकूड द्यायचं असतं. पुष्कळ लोक मोडकी फळी नाहीतर कुजका वासा देतात. ह्या वर्षी तिने होलूबायला, म्हणजे होळीच्या देवीला, नवस बोलून ठेवला होता, की नवऱ्याची रातपाळी सुटू दे, मी घरातलं चांगल्यातलं चांगलं लाकूड देईन. माहेरी कोळीवाड्यात जाताना ती ते डोक्यावर घेऊन गेली. "गुळगुळीत, बाय. आरशासारखं घासलेलं. देवीला काय फुटकं द्यायचं?" असं ती म्हणाली होती. ते लाकूड कुठलं, हे मी विचारलं नव्हतं.

"एकसारखे दोन होते ना," भाऊ म्हणाले. "तिला वाटलं एक जास्तीचा. त्यातला जो जास्त गुळगुळीत तो तिने नेला. तोच पुरा झाला होता. हा अजून त्याच्या मापाने घासून आणायचा होता. हा बघा, इथे कंबरेला जाड आहे. दिसतंय?"

मला काही दिसलं नाही. मी "हो" म्हटलं.

"मी दुपारपाळीच्या माणसाशी पाळी बदलून होळीवर पोचलो, तोवर पेटली होती. लोकं नाचत होती. बघतो तर खाली, आगीच्या पोटात, माझी कंबर. मी लगेच ओळखली."

"मग ओढून का नाही काढलात? कडा जळल्या असत्या, पण..."

"होळीला दिलेलं परत घेतात होय, बाई? तुम्ही विचारताय हे?"

खरंच, मी विचारायला नको होतं.

"तीपण बाजूलाच उभी होती. हात जोडून. मला म्हणाली, बोललेय मी होलूबायला, आता बघा तुमची रातपाळी सुटते का नाय ती. मी म्हटलं, बरं केलंस. म्हटलं, एक जास्तीचाच होता तो. अन् मग तिने मला नाचायला ओढलं."

"नाचलात?"

"नाचलो की. न नाचून सांगतो कुणाला?"

ते उठले. साचा खांद्यावर घेताना त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. आम्ही परळच्या दिशेने निघालो. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होते, पण मध्येच ओळ विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पोटात अन्न नव्हतं, उन्हाने डोकं चढलं होतं. भाऊंचे पाय वहाणांतून घसटत होते. रात्रभर गिरणीत उभं राहून हा माणूस सकाळी धोबीतलावला चालत गेला होता, आणि आता चालत परतत होता, आणि हरताळ उठला की पुन्हा रातपाळीलाच जाणार होता.

रेल्वेचा पूल ओलांडून प्रभादेवीला आलो. गणपतीच्या देवळाच्या तळ्याकडून वारा आला तेव्हा जरा बरं वाटलं. मी बाहेरूनच कळसाला हात जोडले. भाऊंचे हात मोकळे नव्हते, त्यांनी नुसती मान वाकवली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या फळीवर त्यांनी साचा उतरवला आणि ते पुढे चालेनात.

"काय झालं? घर आलं की."

"तेच," ते म्हणाले. "हा घेऊन घरात गेलो तर ती काय म्हणेल ठाऊक आहे? म्हणेल, त्याने नाही घेतला ना, मग मेला पेरेरा, ह्यात तुम्हीच एक गिटार बनवा, आपणच विकू. ती म्हणायचीच नेहमी. अन् मी ह्यात काय बनवू? ती उभी राहून बघणार. एका बाजूला पट्टी आवळली की विचारणार, दुसरी कशात घालता? ती काय खुळी आहे?"

"मग खरं सांगून टाका ना भाऊ. नवरा-बायकोत काय?"

"खरं सांगू? की तू देवीला दिलंस तेच माझं काम होतं? जन्मभर ती होळीसमोर उभी राहणार नाही बाई. आम्हा कोळ्यांत होळीशिवाय मोठं आहे काय दुसरं?"

गल्लीतून कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास येत होता. पुतळाबाई गॅलरीत वाट बघत असणार हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"माझं तोंड बघितलं की तिला सगळं कळतं," भाऊ म्हणाले. "तुमचं ती ऐकते. तुम्ही देवाधर्माच्या, तुम्ही सांगितलंत की ती पुढे विचारणार नाही."

"संकष्टीला खोटं बोलू मी, हरेश्वरभाऊ?"

"चंद्र बघून जेवा, अन् मग या. मी थांबतो तोवर." ते हसले, पण ते हसणं लगेच खोकल्यात गेलं. मग त्यांनी लाकडावरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तो अर्धा साचा उचलून माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्या माळ्यावर ठेवा, आत, कुणाच्या दृष्टीला पडणार नाही असा. आणि तिला म्हणा, पेरेराने साचा ठेवून घेतला, चांगला आहे म्हणाला, पण ह्या हरताळांच्या गडबडीत सध्या काम निघत नाही. पुढे बघू म्हणाला. एवढं सांगा. आणि तिच्या बोलण्याला होलूबायने नाही म्हटलेलं नाही, तेही सांगा."