मामाचं सुकाणू

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाने आमची गिरणी बंद होती. मी साचेखात्यातला, म्हणजे कापडाच्या मागांचा फिटर, बिनकामाचा लालबागच्या खोलीत बसलेलो. तेवढ्यात मामा दारात. माझा मामा एका शेठच्या उतारू गलबतावर तांडेल होता, सुकाणू त्याच्याच हातात. माझगावच्या धक्क्याला लागताना गलबत दोनदा घासलं होतं. शेठ म्हणे, म्हाताऱ्याचा हात गेला. मामा म्हणे, सुकाणूचं चाक झिजलंय. आता तिसऱ्यांदा घासलं तर मामाला घरी बसवणार होते. तेव्हा चाक तूच दुरुस्त करून दे, म्हणाला.

मला वाटलं, सोपं आहे. अहो, कसलं सोपं! चाक खरंच झिजलेलं होतं. पाव फेरा नुसताच फिरायचा, मग कुठे मागे सुकाणू हलायचं. पण एवढ्याने गलबत घासावं? माझं डोकं चालेना. चाक, की मामा?

मी चाकाच्या आसाभोवती पितळेचा नवा बुश ठोकला. चाकामागच्या लाकडी ढोलावर दोर गुंडाळतात आणि त्याची दोन टोकं कप्प्यांतून सुकाणूकडे जातात. जुना दोर मामाने आधीच काढून टाकला होता. मी विचारलं, दोर ढोलावर वरून घ्यायचा की खालून? मामा म्हणाला, वरून. मी पुन्हा विचारलं. तो वैतागला, वरून म्हणजे वरून. तीस वर्षं ते चाक त्याच्या हातात. साच्याला हात लावला की मी आधी फिरवून बघतो, पण तांडेलाच्या गलबतावर त्याचा शब्द पारखून बघायचा? आमच्यात ते बसत नाही. माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी शेठ धक्क्यावर उभा. थोडं पुढे जाऊन परत धक्क्याला लागायचं, एवढंच. मामाने चाक उजवीकडे घेतलं आणि गलबत डावीकडे वळलं. त्याने घाबरून आणखी उजवीकडे घेतलं, तर ते सरळ धक्क्याच्या खांबावर. फळी तडकली. शेठ मामाकडे बघत होता. मामा स्वतःच्या हातांकडे.

"शेठ, चूक माझी," मी ओरडलो. "दोर मीच उलटा गुंडाळला."

शेठने मला यथेच्छ शिव्या घातल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी दोर सोडला, खालून घेतला, या वेळी फिरवूनही बघितला. गलबत सुतासारखं सरळ चाललं. शेठ खूश झाला. मामाची तांडेली वाचली. मला इतकं बरं वाटलं की शिव्याही विसरलो.

शेठ गेल्यावर मामा माझ्या शेजारी येऊन बसला.

"तू खोटा बोललंस," तो म्हणाला. "म्हणजे तुका पण कळला. डोक्यात येक आसता नि तोंडात येक येता आताशा. उद्या दर्यात कोणाक तरी बुडवतलंय मी."

मी म्हटलं, चाक झिजलं होतं ना रे मामा. खरंच झिजलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच शेठला सांगितलं, दुसरा तांडेल बघा. मी गप्प राहिलो असतो तर त्याला काढलं असतं. बोललो, तर तो आपणहून सुटला. मग मी वाचवलं काय? आजही मला उमगत नाही. त्याच गलबतातून तो गावी गेला, उतारूंमध्ये, मांडीवर ट्रंक घेऊन, चाकाकडे पाठ करून.