हरवलेल्या म्हशीचा भाग

लग्नाच्या मांडवात व्हिडिओवाल्याच्या तापलेल्या दिव्याचा वास आला, की मला आष्ट्यातली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवते. टीव्हीवर माणसं आपली दुःखं सांगून रडायची, त्या कार्यक्रमांची टिंगल करणारी एक मालिका माझ्या चुलतभावाने गावच्या केबलसाठी काढली होती. त्या दिवशी थोरल्या वहिनीला म्हैस हरवलेल्या बाईचं सोंग दिलं होतं. दादा फौजेत होता. सुट्टी संपवून गेला तो पलटणीत पोचलाच नव्हता, त्याला वर्ष होत आलं होतं. जरा मन रमेल म्हणून आईनेच वहिनीला पाठवलं होतं. गोठ्यात कडब्याची धूळ उडत होती. रिकाम्या दावणीपुढे बसून वहिनी म्हणाली, “आवं, कवा येणार तुमी? कुठं शोधू तुमास्नी?” म्हशीला आवं म्हटल्यावर सगळे खो-खो हसले. “लय भारी, वयनी! आसंच परत एकदा,” चुलतभाऊ म्हणाला. वहिनीने पदराने डोळे कोरडे केले आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. केबलवर तो भाग गल्लीने पोट धरून पाहिला. दादा काही आला नाही. वहिनीने त्यानंतर त्याचं नाव कधी काढलं नाही, आणि आता आम्हीही काढत नाही.