प्रोखोरचा आरसा

“आज बी प्रोखोरच्याच गाडीत बसायचंय म्हन पावन्यास्नी?” गार्मानं गाडीखालनंच विचारलं.

“समद्यास्नी न्हाई. कझानच्या चौघींना,” पाहुणेघराची मालकीण रिम्मा पावलोव्हना म्हणाली. “आन तू आदी भाईर ये. मला बुटांसंगं बोलायची सवं न्हाई.”

रात्रभर गारठलेल्या इंजिनाला खालून ज्योत दाखवल्याशिवाय गाडी सकाळी हूं म्हणत नाही. गार्मानं दिवा विझवला आणि पाठीवर सरकत बाहेर आला. मिशीवर श्वासाचं पांढरं हिव जमलेलं.

“माज्या गाडीला काय धाड भरली?”

“गाडीला कशाला भरतीया? त्यास्नी आरसा बगायचाय. त्यांची कोन मैत्रीन मागल्या म्हयन्यात यिऊन गेली. खाली काळंभोर पानी, वर ती उताणी. फोटूत जनू हवेतच झोपलीया.”

“बर्फ हाय त्यो. माजा काय येगळा हाय व्हय?”

“मग दाव की तसला,” रिम्मा म्हणाली. “शनवारी मोठा तांडा हाय. पुढची गाडी कुनाची, ते म्या शुक्रवारी सांगीन.”

गार्माच्या हातातला दिवा अजून गरम होता. त्याचा चटका त्याला लागला, पण दिवा खाली ठेवायचं सुचलं नाही.

ओल्खोन बेटावरच्या खुझीर गावात बैकल सरोवर गोठलं की होड्या काठावर उलट्या पडतात आणि गाड्या पाण्यावर उतरतात. रिम्माच्या पाहुणेघरातून रोज सकाळी या करड्या, डबलरोटीसारख्या ठोकळा गाड्या निघतात. बेटाच्या टोकापर्यंत बर्फावरनं जायचं, गुहांत लोंबणारी हिमाची झुंबरं दाखवायची, दुपारी बर्फावरच माशाचा रस्सा शिजवून वाढायचा आणि उजेडात परतायचं. पहिल्या गाडीनं वाट काढायची. भेग आली तर उतरून पहारीनं ठोकून बघायचं, फळ्या टाकायच्या. काठावरच्या खांबापाशी थांबून सरोवराच्या धन्याला दूध शिंपडायचा मानही पहिल्याचा. मजुरी पहिल्याला आणि शेवटच्याला सारखीच. पण गार्माला कुणी शेवटच्या गाडीत बसवून सोन्यानं मढवलं असतं तरी त्याला ते अंगावर काटे टोचल्यासारखं वाटलं असतं.

तो बेटावरच्या मूळ रहिवाशांतला, कोळी. बाप माशांच्या कारखान्यात होता, तो स्वतः जाळी ओढायचा, आणि बायको सेसेग्मा त्याच्याबरोबर बर्फात भोकं पाडायची. कारखाना बंद पडला तेव्हा निम्मं गाव बेट सोडून गेलं. गार्मा राहिला. जाळ्यांच्या वासाच्या गाडीत पहिला प्रवासी त्यानंच बसवला. मग मुर्मान्स्कपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची माणसं त्याच्या मागच्या बाकावर बसून गेली. तो स्वतः कधी इर्कुत्स्कच्या पुढं गेला नव्हता. “आक्खा देश हितं येतोय, म्या कशाला जाऊ?” म्हणायचा. ती माणसं पीटर्सबर्गच्या पुलांचं सांगायची, आल्ताईच्या डोंगरांचं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, असलं कुठं नाही पाहिलं. त्यावर गार्मा मान खाली घालून हसायचा, जणू सरोवर त्यानंच खणलं होतं.

आणि प्रोखोर? गार्माच्याच गल्लीतला, दहा-बारा वर्षांनी लहान, तांबड्या दाढीचा. पहिल्या हिवाळ्यात बर्फावर उतरला तेव्हा उडी मारता यावी म्हणून दार उघडं टाकून गाडी चालवायचा. त्याला भेग ओळखायला गार्मानं शिकवलं. पहार कशी धरायची, बर्फाला कान कसा लावायचा, सगळं. तेव्हा गार्माला तो आवडायचा, कारण तेव्हा तो घाबरायचा.

आता मात्र गार्माला त्याचं काही म्हणता काही बघवत नव्हतं. त्यानं बाकांवर मेंढीची कातडी टाकली, तर गार्माला वाटलं, दुकान मांडलंय मेल्यानं. पाहुण्यांनी त्याचा रस्सा वाखाणला, तर गार्मा लांबूनच म्हणाला, “मिरी टाकली की शेन बी ग्वाड लागतंय.” तिकडं प्रोखोरच्या गाडीपाशी हसण्याचा आवाज आला की इकडं गार्माच्या हातून चमचा खाली पडायचा.

पण खरं सलत होतं ते आरशाचं. सरोवरावरचा एखादा बर्फ आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला मान्यच होत नव्हतं. दोन दिवस तो प्रवाशांना घेऊन उलटसुलट भटकला. कुठं बर्फ निळा होता, पण वर हिमाची साय. कुठं साय नव्हती, पण सगळं चरे पडलेलं. त्याच्या गाडीतला एक म्हातारा शेवटी वैतागून म्हणाला, “बाबा, आम्ही बघायला आलोय की तुझं काही हरवलंय?”

मग गार्मानं एक वंगाळ गोष्ट केली. कझानच्या बायकांना संध्याकाळी चहाच्या वक्ताला सांगितलं, “त्या आरशाचा बर्फ पातळ हाय. जपा बाई. पोरंबाळं असतील घरी.” त्यांनी सकाळी भाबडेपणानं प्रोखोरलाच विचारलं. प्रोखोरनं त्यांना नेलं, आरशावर गाडी उभी केली आणि टपावर चढून नाचला. त्याचाही फोटो निघाला. तो रिम्मानं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. गार्माला येता-जाता त्याखालूनच जावं लागायचं.

शुक्रवारी पहाट फुटायच्या आत प्रोखोरची गाडी गल्लीतून गेली. गार्मा जागाच होता. त्यानं पायात बूट अडकवले.

“कुटं निगालास?” सेसेग्मानं पांघरुणातनं विचारलं.

“इंजिन बगतो.”

“परवापास्नं त्या इंजिनाचं नाव प्रोखोर हाय,” ती म्हणाली आणि कूस बदलली.

त्यानं दिवे न लावता गाडी काढली. नव्या हिमावर प्रोखोरच्या चाकांचे ठसे स्वच्छ उमटले होते. वळण घेऊन ते एका खडकाच्या आड, लहानशा खाडीत शिरत होते. या खाडीत गार्मानं शंभरदा जाळी टाकली होती. त्यानं गाडी अलीकडं थांबवली आणि खडकाच्या कडेनं डोकावला.

पूर्वेला नुकतं तांबडं फुटलं होतं. प्रोखोर आणि त्याची बायको ग्लाशा बर्फावर झाडू मारत होती. साधे भूर्जाच्या काटक्यांचे झाडू. हिमाची साय लोटून दोघांनी एक खळं केलेलं. मग प्रोखोरनं भोकातून बादलीनं पाणी काढलं आणि खळ्यावर ओतलं. पाणी पसरलं, चरे भरले, आणि बघता बघता खालचा काळोख वर आला. तोच आरसा. ग्लाशाचा पाय घसरला, ती धपकन बसली, प्रोखोर हसायला लागला, आणि तिनं बसल्या बसल्या त्याच्या पायावर झाडू हाणला. मग दोघं बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि थर्मासच्या एकाच झाकणातनं आलटून पालटून चहा प्यायली.

गार्माला आधी उकळी फुटली ती आनंदाची. सापडला चोर. आरसा कसला अन काय कसलं, अंगण झाडल्यागत झाडतोय. पण तो तिथून हलला नाही. चहा संपेपर्यंत त्या दोघांकडं बघत राहिला. सेसेग्मा शेवटची त्याच्याबरोबर बर्फावर कधी आली होती, ते त्याला आठवेना. प्रवासी यायला लागल्यावर तोच म्हणाला होता, तुझं काय काम तिथं. आता झाकणातल्या चहाची वाफ बघून तो पुन्हा जळायला लागला, आणि या खेपेला ते बर्फावरनं नव्हतं.

रिम्माच्या अंगणात सगळे जमले होते तेव्हा त्यानं वाजवून सांगितलं, “ऐका. प्रोखोरचा आरसा दैवी न्हाई. नवराबायकू पाटंचं जाऊन झाडत्यात. पानी वतत्यात. म्या डोळ्यांनी बगितलं.”

प्रोखोरचा चेहरा दाढीसारखाच लाल झाला. मग कझानची जाडी बाई टाळ्या पिटत म्हणाली, “म्हणजे आम्हालाही झाडता येईल?” दुसरी म्हणाली, “झाडूसकट फोटो काढू.” तिसरीनं प्रोखोरला विचारलं, झाडू आणखी आहेत का.

रिम्मा गार्माकडं बघत राहिली. “तुमच्या घरात झाडू न्हाई व्हय रं?” तिनं विचारलं. सगळे चालक हसले. रिम्मा हसली नाही. “उद्या प्रोखोर म्होरं. तू शेवटाला ऱ्हा. मागनं फळ्या उचलायला जानता मानूस पायजे.”

त्या दिवशी गार्मा घरी जेवला नाही. सेसेग्मानं मांसाचं सारण भरलेल्या वाफाळत्या पोझी पुढं ठेवल्या, त्या थंड झाल्या.

“शेवटाला घातलं मला,” तो म्हणाला.

“कळलं. गावात कुत्र्यास्नी बी कळलंय.”

“त्येची बायकू जाती संगं. म्हनून.”

सेसेग्मानं ताट उचललं. “तू मला इचारलं हुतंस कदी? म्या काय तोंडानं म्हनू, मला ने म्हून?” एवढं बोलून ती ताट घेऊन चुलीकडं गेली.

शनिवारी तांडा निघाला. काठावरच्या खांबापाशी प्रोखोर उतरला. ग्लाशानं त्याच्या हातात दुधाची वाटी दिली. गार्मा शेवटच्या गाडीतून मान लांब करून बघत होता. चुकीचं बोट बुडवील, गडबड करील, रशियन माणूस, त्याला आपली रीत काय ठाऊक. प्रोखोरनं अनामिका बुडवली आणि चारी दिशांना शिंपडलं. बरोब्बर. गार्मानं दातांवर दात दाबले.

पुढं रात्रीतून पडलेली भेग लागली, चांगली हातभर रुंद, खाली पाणी डुचमळतंय. गाड्या थांबल्या. गार्माचा जीव हलका झाला. आता येईल धावत, म्हणेल, गार्मा, जरा बघ की. त्यानं हातमोजेसुद्धा घातले. पण प्रोखोर पुढंच वाकला. पहार उभी धरली, खालच्या टोकाशी नाही, मधोमध. ठोकलं. पुढं सरकून पुन्हा ठोकलं. मग टोपी वर करून कान बर्फाला लावला, उठला, डावीकडं थुंकला, आणि फळ्या मागवल्या. थुंकणंसुद्धा गार्माचंच होतं. ते त्यानं कुणाला शिकवलं नव्हतं. ते त्याला कधी आपलं म्हणून माहीतही नव्हतं.

गाड्या एकेक करून फळ्यांवरून गेल्या. गार्मा शेवटी. पार झाल्यावर उतरला, ओल्या फळ्या ओढल्या, टपावर चढवल्या, दोर आवळला. त्याच्या मागच्या बाकावर पेर्म शहराचं एक जोडपं बसलं होतं. बाई म्हणाली, “तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत म्हणे. पुढचा तो लाल दाढीवाला सांगत होता.”

“तसं म्हनाला?” गार्मानं विचारलं. मग स्वतःशीच पुटपुटला, “मानूस ग्वाड बोलाया लागला, की लोकं रस्सा बी त्येचाच पित्यात.”

खाडीत पोचले तर वाऱ्यानं आरशावर पुन्हा साय चढवलेली. प्रोखोर आणि ग्लाशा झाडू वाटत सुटली. कझानच्या बायका खिदळत झाडायला लागल्या. पेर्मच्या बाईनं विचारलं, “आपल्या गाडीत नाही का झाडू?”

“न्हाई,” म्हणत गार्मानं कढई काढायला मागचं दार उघडलं. रश्श्याच्या कढईवर घरातला झाडू आडवा ठेवलेला होता. सेसेग्माचा, एका बाजूनं झिजलेला, तिनंच कापडाच्या चिंधीनं बांधलेला. सकाळी गाडीत सामान भरताना तिनं तो कधी ठेवला, त्याला कळलं नव्हतं.

तो झाडूकडं बघत उभा राहिला. मग त्यानं तो उचलला, प्रोखोरच्या खळ्यापासून दूर, खडकाच्या पलीकडं गेला आणि झाडायला लागला. पेर्मचं जोडपं मागनं बादली घेऊन आलं. प्रोखोर तिकडून ओरडला, “गार्मा, तिकडं चरे हायती लई.”

“मला ठावं हाय कुटं काय हाय ते.”

त्यानं झाडलं, पाणी ओतलं, थांबून प्रोखोरच्या खळ्याकडं तिरका डोळा टाकला आणि पुन्हा झाडलं. आपलं खळं त्याच्याहून हातभर मोठं झाल्यावरच त्यानं पाठ सरळ केली. पेर्मची बाई आरशावर उताणी झोपली होती आणि तिचा नवरा फोटो काढत होता. गार्मानं झाडू गाडीत ठेवला, कढई बाहेर काढली आणि तीन दगडांमध्ये सरपण पेटवलं. पाणी उकळायला लागल्यावर त्यानं मासे टाकले, आणि मग इकडं तिकडं बघून, मूठभर मिरी.